हवाईचे सिंहासन आणि अमेरिकेतील वाद

एखाद्या बलाढ्य राष्ट्राने समुद्रापलीकडील लहानशा देशाची राजसत्ता उलथून पाडावी, अशी उदाहरणे इतिहासात पैशाला पासरी सापडतात. परंतु त्या बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षानेच आपल्या राष्ट्राकडून अन्याय घडल्याचे विधिमंडळापुढे लेखी कबूल करावे, चौकशीचा अहवाल जाहीरपणे मांडावा, पदच्युत राणीस तिचे सिंहासन परत देण्याची खटपटही करावी, आणि इतके सर्व होऊन ते सिंहासन तिला कधीच परत मिळू नये, हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे. हवाई बेटांच्या बाबतीत तो घडला. १८९३ च्या जानेवारीपासून १८९८ च्या जुलैपर्यंत साडेपाच वर्षे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या बेटांवरून जो वाद माजला, तो आज वाचणारास शिळा वाटत नाही. परदेशातील राज्यकर्ते बदलण्याच्या प्रत्येक उद्योगात जी विधाने नंतरच्या काळात ऐकू आली, त्यांतील बहुतेक सारी या वादात आढळतात.

हवाई बेटे प्रशांत महासागरात, सॅन फ्रान्सिस्कोपासून नैर्ऋत्येस सुमारे २,४०० मैलांवर आहेत. १८१० पर्यंत कामेहामेहा या पराक्रमी राजाने ती सर्व एका छत्राखाली आणली. १८४३ च्या नोव्हेंबरात इंग्लंड आणि फ्रान्स यांनी संयुक्त जाहीरनाम्याने त्या राज्याचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि १८४९ साली अमेरिकेनेही त्याच्याशी मैत्रीचा तह केला. म्हणजे हा मुलूख कोणाच्याही मालकीचा नसलेला, रानटी टोळ्यांचा मुलूख नव्हता. तेथे राज्यघटना होती, न्यायालये होती, तेथील भाषेत वर्तमानपत्रे निघत होती आणि एतद्देशीय लोकांत साक्षरतेचे प्रमाण चांगलेच मोठे होते. या साक्षरतेचे श्रेय १८२० साली येथे आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांस दिले पाहिजे. त्यांनी हवाई भाषेस लिपी दिली. पण मिशनऱ्यांच्या मुलानातवंडांनी पवित्र ग्रंथाबरोबर उसाच्या मळ्यांकडेही लक्ष वळविले, आणि पुढील कथेचे मूळ या मळ्यांत आहे.

१८७५ च्या व्यापारी तहाने हवाईची साखर अमेरिकेत जकातीवाचून जाऊ लागली. इतर देशांच्या साखरेस जकात भरावी लागे, हवाईच्या साखरेस ती माफ. या सवलतीच्या जोरावर मळे झपाट्याने वाढले, चीन, जपान व पोर्तुगाल येथून मजूर आणले गेले, आणि बेटांतील संपत्ती मूठभर गोऱ्या कुटुंबांच्या हाती एकवटली. संपत्तीमागून सत्तेची हाव आली. १८८७ च्या जुलैत या मंडळींनी सशस्त्र स्वयंसेवकांच्या पथकाचा धाक घालून राजा कालाकाउआ याजकडून नव्या राज्यघटनेवर सही करून घेतली. लोक तिला ‘संगिनीची राज्यघटना’ म्हणू लागले. वरिष्ठ गृहाच्या मतदारास ३,००० डॉलरची मालमत्ता किंवा ६०० डॉलरचे वार्षिक उत्पन्न असले पाहिजे असा तिचा दंडक होता. त्यामुळे बहुसंख्य एतद्देशीयांचे हे मत गेले आणि आशियाई रहिवाशांस तर मुळीच मत उरले नाही. उलट अमेरिकन व युरोपियन रहिवाशांस हवाईचे नागरिकत्व न घेताही मत मिळाले. स्वतःच्याच देशात प्रजेस मत नाही आणि पाहुण्यास मात्र आहे, अशी ही व्यवस्था होती.

१८९० साली अमेरिकेने आपला जकातीचा कायदा बदलला. सर्वच परदेशी साखरेवरील जकात उठली, आणि देशात पिकणाऱ्या साखरेस पौंडामागे दोन सेंट सरकारी बक्षीस मिळू लागले. हवाईच्या मळेवाल्यांची जुनी सवलत एका फटक्यात निरर्थक ठरली. आपली बेटेच अमेरिकेचा भाग झाली तर ते बक्षीस आपल्यालाही मिळेल, हा विचार तेथे प्रबळ झाला, यात नवल नाही. तथापि साखरेच्या लोभाने सर्व काही उलगडते असे समजणेही चुकीचे ठरेल. करारबद्ध मजुरांची पद्धत अमेरिकन कायद्यास मान्य नसल्यामुळे कित्येक मोठे मळेवाले सामिलीकरणास भीतच होते. कटाचे पुढारीपण केले ते मुख्यतः कायदेपंडित आणि व्यापारी यांनी. त्यांतील प्रमुख लॉरिन थर्स्टन हा मिशनऱ्यांचा नातू. १८९२ साली तो वॉशिंग्टनला जाऊन आला, आणि आपल्या पक्षास तेथील सरकारची सहानुभूती मिळेल असा भरवसा घेऊन परतला.

कालाकाउआ १८९१ च्या जानेवारीत निवर्तला व त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. ही बाई सुशिक्षित, मानी आणि संगीतात निपुण होती. तिने रचलेले ‘अलोहा ओए’ हे गीत आजही जगभर गायिले जाते. संगिनीची घटना रद्द करून नवी घटना द्यावी, असे अर्ज प्रजेकडून तिच्याकडे येत होते. १४ जानेवारी १८९३ रोजी तिने तशी घटना जाहीर करण्याचा बेत केला. तिच्याच मंत्र्यांनी सह्या करण्याचे नाकारल्यामुळे तो तिला सोडावा लागला, आणि पुढे कायदेशीर मार्गानेच बदल करू असे तिने प्रसिद्धही केले. पण विरोधकांस हवे असलेले निमित्त मिळाले होते. तेरा जणांची ‘संरक्षण समिती’ स्थापन झाली. तिच्यातील कित्येक सभासद हवाईचे प्रजाजनही नव्हते.

येथून पुढील तीन दिवसांचा क्रम नीट ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढचा सारा वाद या क्रमावरच झाला. १६ जानेवारीस सायंकाळी अमेरिकेच्या ‘बॉस्टन’ या युद्धनौकेवरून सुमारे १६० सैनिक आणि खलाशी तोफांसह होनोलुलुच्या धक्क्यावर उतरले. त्यांस बोलाविले होते अमेरिकेचा तेथील राजदूत जॉन स्टीव्हन्स याने, आणि कारण सांगितले होते अमेरिकन नागरिकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण. शहरात त्या वेळी दंगा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी समितीचे लोक सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर गेले, राजसत्ता संपली आणि अमेरिकेशी सामिलीकरण होईपर्यंत हंगामी सरकार स्थापन झाले, असा जाहीरनामा त्यांनी वाचला, आणि न्यायाधीश सॅनफर्ड डोल यास अध्यक्ष केले. स्टीव्हन्सने त्याच दिवशी या सरकारास मान्यता दिली. अमेरिकन सैनिक त्या वेळी कचेरीस लागूनच, राजवाड्याच्या समोर तळ देऊन होते. राणीने रक्तपात टाळण्यासाठी सत्ता सोडली. परंतु सोडताना मोठ्या दूरदृष्टीने तिने लेखी नमूद केले की, आपण शरण जात आहो त्या हंगामी सरकारास नव्हे, तर संयुक्त संस्थानांच्या अधिक प्रबळ सैन्यास. आणि सत्य कळल्यावर ते सरकार आपल्या प्रतिनिधीचे कृत्य रद्द करून आपला अधिकार आपणास परत देईल, तोपर्यंतच ही शरणागती आहे. या एका कागदामुळे कज्जा होनोलुलुतून उचलला जाऊन वॉशिंग्टनच्या दारात येऊन पडला.

वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी अध्यक्ष हॅरिसन यांच्या कारकिर्दीचे अखेरचे आठवडे चालले होते. हंगामी सरकारचे प्रतिनिधी खास बोटीने निघाले. राणीच्या वकिलांस त्या बोटीवर जागा नाकारण्यात आली. १४ फेब्रुवारीस सामिलीकरणाच्या तहावर सह्या झाल्या व दुसऱ्या दिवशी तो सेनेटपुढे गेला. राज्यक्रांतीस आपल्या सरकारने कोणत्याही प्रकारे उत्तेजन दिलेले नाही, असे आश्वासन अध्यक्षांनी सोबत दिले. इकडे स्टीव्हन्सने १ फेब्रुवारीसच होनोलुलुच्या सरकारी कचेरीवर अमेरिकेचे निशाण चढवून बेटे आपल्या संरक्षणाखाली घेतली होती, आणि वरिष्ठांस कळविले होते की हवाईचे फळ आता पुरते पिकले आहे, तोडून घेण्याची सुवर्णघटका हीच. राजदूताच्या लेखणीतून आलेले हे फळ पुढे वर्तमानपत्रांतून फार गाजले.

तह मंजूर होण्यापूर्वीच ४ मार्च रोजी नवे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड अधिकारावर आले. पाचच दिवसांत त्यांनी तह परत घेतला आणि चौकशीसाठी जेम्स ब्लाउंट या जॉर्जिया संस्थानच्या गृहस्थास पाठविले. ब्लाउंट हा प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र समितीचा माजी अध्यक्ष असून स्वभावाने तुसडा म्हणण्याइतका निःस्पृह होता. होनोलुलुस पोचताच राणीची गाडीही त्याने नाकारली आणि सामिलीकरणवाल्यांचीही. सरकारी कचेरीवरील अमेरिकन निशाण त्याने १ एप्रिल रोजी उतरविले. या निशाणावरून अमेरिकेत मोठे काहूर उठले. एकदा चढलेले राष्ट्रीय निशाण उतरविणारा देशद्रोही नव्हे तर काय, असा प्रश्न विरोधी पक्षाची पत्रे विचारू लागली. ते निशाण मुळात कोणाच्या घरावर व कोणाच्या परवानगीने चढले, हा प्रश्न त्यांपैकी फार थोड्यांस सुचला.

ब्लाउंटचा अहवाल १७ जुलैचा. त्याचा निष्कर्ष असा की, स्टीव्हन्सने कटवाल्यांस आगाऊ भरवसा दिला नसता व सैन्य उतरले नसते तर हे बंड मुळी उभेच राहिले नसते. त्याचा सर्वांत बिनतोड मुद्दा दोन साध्या गोष्टींवर आधारलेला होता. पहिली गोष्ट, सैनिकांचा तळ. अमेरिकन लोकांच्या घरांचे व दुकानांचे रक्षण करावयाचे होते तर पहारे त्यांच्या वस्तीजवळ बसावयास हवे होते. ते बसले होते राजवाडा आणि सरकारी कचेरी यांच्या माऱ्यात. दुसरी गोष्ट, मान्यतेची वेळ. आंतरराष्ट्रीय प्रघात असा की, नव्या सरकारच्या ताब्यात देश खरोखर आला असेल तरच त्यास मान्यता द्यावयाची. स्टीव्हन्सने मान्यता दिली तेव्हा हंगामी सरकारच्या ताब्यात ती एक कचेरी होती. पोलीस ठाणे, बराकी व राजवाडा हे सर्व अद्याप राणीच्या माणसांकडे होते. म्हणजे यश मिळाले म्हणून मान्यता आली नाही. मान्यता आली म्हणून यश मिळाले.

१८ डिसेंबर १८९३ रोजी क्लीव्हलँड यांनी काँग्रेसला जो संदेश पाठविला, तो कोणत्याही राष्ट्रप्रमुखाने स्वराष्ट्राविरुद्ध लिहिलेल्या आरोपपत्रांत अग्रगण्य ठरावा. काँग्रेसच्या परवानगीवाचून आपल्या राजदूताने एका दुबळ्या, मित्र राष्ट्राविरुद्ध युद्धाचेच कृत्य केले, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. कट शिजल्यापासून तह सेनेटपुढे येईपर्यंत अवघे ३२ दिवस लागले आणि त्यांतील १५ दिवस तर प्रतिनिधींच्या प्रवासातच गेले, हा हिशेबही त्यांनी मांडला. बलवान राष्ट्रासाठी एक नीती आणि दुर्बळासाठी दुसरी, हे तत्त्व आपणास मान्य नाही असे त्यांनी बजावले.

मग राणीस तिचे राज्य परत का मिळाले नाही? या प्रश्नाच्या उत्तरात सर्व प्रकरणाचे मर्म आहे.

क्लीव्हलँड यांनी परत देण्याचा प्रयत्न केला, पण अट घालून. बंडात भाग घेतलेल्या सर्वांस राणीने प्रथम संपूर्ण माफी द्यावी, ही ती अट. नवा राजदूत अल्बर्ट विलिस १३ नोव्हेंबर रोजी राणीस एकांतात भेटला व त्याने ही अट पुढे केली. आपल्या देशाच्या कायद्यात राजद्रोहास देहान्त शिक्षा आहे, अशा अर्थाचे उत्तर राणीने दिले. बंडखोरांचा शिरच्छेद करावा असे ती म्हणाली, असे विलिसने वरिष्ठांस कळविले. शिरच्छेदाचा शब्द आपण कधीच उच्चारला नाही, असे राणीने पुढे निक्षून सांगितले. महिन्याभरात तिने संपूर्ण माफीचे लेखी वचनही दिले. परंतु बाण सुटून गेला होता. राज्यक्रांती न्यायाने झाली की अन्यायाने, हा जो मूळचा प्रश्न होता, तो मागे पडला आणि ही बाई राज्य करण्यास लायक आहे की नाही, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरू लागले. तिची रक्तपिपासू व रानटी बाई म्हणून विटंबना करणारी व्यंगचित्रे निघाली. घरमालकाचा स्वभाव तापट आहे असे ठरल्याने घरफोडी क्षम्य होत नाही, हे न कळण्याइतकी अमेरिकन जनता अज्ञ नव्हती. पण चोरीपेक्षा चोरी झालेल्याच्या स्वभावाची चर्चा नेहमीच अधिक चुरचुरीत होते.

विलिसने २३ डिसेंबरपूर्वीच्या घडामोडींनंतर डोल यास सत्ता सोडण्यास सांगितले तेव्हा डोलने २३ तारखेस जे उत्तर दिले, तेही आपल्या परीने नमुनेदार आहे. ज्या अमेरिकेच्या सैन्याच्या सावलीत त्याचे सरकार जन्मास आले, त्याच अमेरिकेस त्याने कळविले की, आमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करण्याचा अधिकार तुम्हांस नाही! आता त्यास हटवावयाचे तर बळच वापरावे लागले असते, आणि अमेरिकन लोकांवर अमेरिकन तोफा रोखण्याची तयारी क्लीव्हलँड यांची नव्हती. काँग्रेसनेही तशी परवानगी दिली नसती. सत्ता पाडावयास एक राजदूत आणि १६० माणसे पुरली. ती पुन्हा उभारावयास सर्व घटनात्मक अधिकारांची आठवण झाली. क्लीव्हलँड यांनी प्रकरण काँग्रेसवर सोपविले व हात झाडले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु येथे त्यांचे धैर्य तोकडे पडले असे म्हणणे भाग आहे.

काँग्रेसमधील व देशातील वादाची एक बाजू या सुमारास स्पष्ट झाली. सामिलीकरणाच्या बाजूने सर्वांत विचारी लेखणी होती ती नौदलाचे कॅप्टन मॅहन यांची. १८९३ च्या मार्चमध्येच एका प्रमुख मासिकात त्यांनी प्रतिपादन केले की, प्रशांत महासागराच्या उत्तर भागात कोळसा भरण्यास व आरमार ठेवण्यास दुसरी जागाच नाही. ही बेटे ज्याच्या हाती, त्याच्या हाती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची किल्ली. या युक्तिवादात राणी चांगली की वाईट याचा संबंधच नव्हता, म्हणून तो निदान सरळ तरी होता. विरोधी बाजूने कार्ल शुर्झ हे जर्मनीतून आलेले जुने उदारमतवादी पुढारी, ‘नेशन’ पत्राचे संपादक गॉडकिन आणि इतर अनेक जण होते. पण विरोधकांचे सर्व युक्तिवाद हवाईच्या लोकांविषयीच्या प्रेमातून स्फुरले होते, असे मानू नये. उष्ण कटिबंधातील लोक प्रजासत्ताकास अपात्र, ते आपल्या राष्ट्रात आले तर आपल्याच संस्था नासतील, हा शुर्झ यांचा एक प्रमुख मुद्दा होता. बीटची साखर करणारे कारखानदार विरोधात होते ते स्पर्धेच्या भीतीने; मजूर संघ विरोधात होते ते स्वस्त आशियाई मजुरांच्या भीतीने. ज्या पक्षाने राणीची बाजू घेतली त्यातही तिच्या प्रजेस आपल्या बरोबरीची मानणारे थोडेच होते. अशा मित्रांचे पाठबळ वारा फिरेपर्यंतच टिकते.

सेनेटच्या परराष्ट्र समितीने दुसरी चौकशी केली. तिचे अध्यक्ष अलाबामाचे सेनेटर मॉर्गन हे क्लीव्हलँड यांच्याच पक्षाचे, पण सामिलीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. ब्लाउंटने साक्षी शपथेवर घेतल्या नाहीत आणि राणीच्या पक्षाचे अधिक ऐकले, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मॉर्गन यांनी साक्षी शपथेवर घेतल्या, परंतु वॉशिंग्टनमध्ये बसून. समिती हवाईस गेलीच नाही, त्यामुळे तेथील एतद्देशीय प्रजेस काय वाटते हे तिला ऐकावेही लागले नाही. २६ फेब्रुवारी १८९४ च्या अहवालात स्टीव्हन्स, ब्लाउंट, सैनिक, अध्यक्ष असे सर्वच निर्दोष ठरले. दोषी राहिली ती एकटी राणी. या अहवालाची गंमत अशी की, समितीच्या नऊ सभासदांपैकी त्यातील प्रत्येक निष्कर्ष मान्य असलेले एकटे मॉर्गनच होते. चार सभासदांस स्टीव्हन्स दोषी वाटत होता, तर दुसऱ्या चौघांस ब्लाउंटची नेमणूकच घटनाबाह्य वाटत होती. तरीही एकास एक असे दोन सरकारी अहवाल तयार झाले, आणि ज्यास जो हवा तो त्याने हाती धरावा, अशी सोय झाली. त्याच फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहाने स्टीव्हन्सच्या वर्तनाचा निषेध केला. मे महिन्याच्या अखेरीस सेनेटने एकही विरोधी मत न पडता ठराव केला की, हवाईच्या लोकांनी आपले सरकार आपण ठरवावे व संयुक्त संस्थानांनी त्यात हात घालू नये.

ठरावाची भाषा निर्दोष आहे. पण हात घालून झाल्यानंतर हात न घालण्याचे व्रत घेतले, तर त्याचा लाभ कोणास होतो हे सांगावयास नको. पाचच आठवड्यांनी, ४ जुलै १८९४ रोजी, म्हणजे मुद्दाम अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, डोल यांनी हवाईचे प्रजासत्ताक जाहीर केले. त्यात बहुसंख्य प्रजेस मत नव्हते. १८९५ च्या जानेवारीत राणीच्या अनुयायांनी केलेला उठाव मोडला, राणीस अटक झाली, आणि अटकेतील अनुयायांस फाशी होईल या भीतीने तिने राज्यत्यागाच्या कागदावर सही केली. उठावाची माहिती असून ती दडविल्याच्या आरोपावरून तिला पाच वर्षे सक्तमजुरी व ५,००० डॉलर दंड अशी शिक्षा सांगण्यात आली. प्रत्यक्षात तिला तिच्याच इओलानी राजवाड्यातील एका खोलीत सुमारे आठ महिने कोंडून ठेवले.

१८९७ साली मॅकिन्ली अध्यक्ष झाले व जून महिन्यात सामिलीकरणाचा दुसरा तह झाला. या वेळी हवाईच्या लोकांनी स्वतःच वादात उडी घेतली. त्यांच्या देशभक्त संघांनी बेटाबेटांवर सभा भरविल्या आणि सामिलीकरणाविरुद्ध अर्जावर स्त्रीपुरुषांच्या २१,२६९ सह्या मिळविल्या. आदल्या वर्षीच्या खानेसुमारीत हवाई वंशाच्या व मिश्र वंशाच्या लोकांची एकूण संख्या, मुलाबाळांसह, ३९,५०४ होती. म्हणजे तान्ही मुले मोजूनही निम्म्याहून अधिक लोकांनी सही केली. ५५६ पानांचा हा अर्ज घेऊन चार प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले. राणी तेथे आधीच येऊन राहिली होती. मॅसॅच्युसेट्सचे वयोवृद्ध सेनेटर होर यांनी डिसेंबरात तो सेनेटपुढे ठेवला. तह मंजूर होण्यास सेनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. तेवढी मते जमेनात, आणि तह बारगळला. राजवाडा नाही, तोफा नाहीत, केवळ सह्यांचे कागद घेऊन आलेल्या चार माणसांचा हा विजय लहानसहान नव्हता.

परंतु तो काही महिनेच टिकला. १८९८ च्या एप्रिलमध्ये अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध जुंपले. मे महिन्याच्या प्रारंभी मनिलाच्या आखातात स्पॅनिश आरमाराचा धुव्वा उडाला, आणि फिलिपाइन्सकडे जाणाऱ्या फौजा होनोलुलुस कोळसा घेण्यासाठी थांबू लागल्या. मॅहन यांचा पाच वर्षांपूर्वीचा लेख आता जणू आकाशवाणी ठरला. जपानी मजुरांवरून आदल्या वर्षी हवाई व जपान यांत खटका उडाला होता. अमेरिकेने बेटे न घेतल्यास जपान घेईल, ही भीतीही दाखविण्यात आली. दोन तृतीयांश मतांची अडचण एका युक्तीने टाळण्यात आली. तह बाजूस ठेवून दोन्ही गृहांचा संयुक्त ठराव आणला, कारण ठरावास साधे बहुमत पुरते. टेक्सस संस्थानासाठी १८४५ साली हीच वाट चोखाळली होती. पण टेक्ससच्या लोकांनी त्यास मतदानाने संमती दिली होती. हवाईच्या लोकांस कोणी विचारलेच नाही. प्रतिनिधिगृहात १५ जून रोजी २०९ विरुद्ध ९१ आणि सेनेटमध्ये ६ जुलै रोजी ४२ विरुद्ध २१ मतांनी ठराव संमत झाला. सेनेटर होर, ज्यांनी हवाईकरांचा अर्ज स्वहस्ते सभागृहात आणला होता, त्यांनीही शेवटी ठरावाच्या बाजूने मत दिले. युद्धाच्या धामधुमीत राज्यक्रांतीचा न्याय-अन्याय कोणाच्या फारसा ध्यानात उरला नव्हता. अधिकारातून मुक्त झालेल्या क्लीव्हलँड यांनी त्या वर्षी एका मित्रास लिहिले की, या सर्व प्रकरणाची आपल्याला लाज वाटते.

१२ ऑगस्ट १८९८ रोजी इओलानी राजवाड्यासमोर हवाईचे निशाण उतरले व अमेरिकेचे चढले. समारंभास राणी गेली नाही. गादीची वारस काइउलानी ही तरुण राजकन्याही गेली नाही. १८९३ साली वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी विलायतेतून अमेरिकेस येऊन तिने तेथील जनतेस न्यायासाठी आवाहन केले होते, आणि वृत्तपत्रांनी तिच्या सौजन्याचे व शिक्षणाचे कौतुकही केले होते. सामिलीकरणानंतर सात महिन्यांनी, तेवीस वर्षांची असताना, ती वारली.

राज्याबरोबर जमीनही गेली. राजघराण्याच्या आणि सरकारच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनीचा ताबा काहीही मोबदला न देता संयुक्त संस्थानांकडे आला. राजघराण्याच्या जमिनीबद्दल राणीने न्यायालयात केलेला दावा १९१० साली फेटाळला गेला, आणि १९१७ च्या नोव्हेंबरात ती होनोलुलु येथे निवर्तली. १९५९ साली हवाई अमेरिकेचे पन्नासावे संस्थान झाले. त्या वेळच्या मतदानात संस्थान व्हावे की पूर्वीसारखाच अंकित प्रदेश राहावे, एवढेच दोन पर्याय होते. स्वतंत्र व्हावयाचे काय, असा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता.

राज्यक्रांतीस शंभर वर्षे झाली त्या १९९३ साली अमेरिकन काँग्रेसने हवाईच्या मूळ लोकांची जाहीर क्षमा मागणारा ठराव संमत केला आणि २३ नोव्हेंबर रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. सेनेटमध्ये त्याच्या बाजूने ६५ व विरुद्ध ३४ मते पडली. ठरावात ‘बॉस्टन’ नौकेवरील सैनिक आहेत, स्टीव्हन्स आहे, राणीचा निषेधाचा कागद आहे. ब्लाउंटने लिहिलेले बहुतेक सर्व तेथे शंभर वर्षांनी कायद्याच्या कागदावर आले आहे. त्याच्या आधारे हवाईच्या लोकांच्या वतीने असा दावा करण्यात आला की, त्या जुन्या जमिनींपैकी संस्थान सरकारकडे असलेल्या जमिनी, मूळ लोकांचे हक्क ठरेपर्यंत, विकता येऊ नयेत. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. प्रकरण वॉशिंग्टनला गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २००९ रोजी एकमताने निर्णय दिला की, क्षमेच्या ठरावातील शब्द समेटाचे आहेत, त्यांनी कोणाचा हक्क निर्माण होत नाही आणि जमिनीवरील संस्थान सरकारच्या मालकीस बाधही येत नाही.